मेसेज रोज जातो, तरी गोळी राहते

वाचकाचं पत्र (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत)

नागपूरपासून तास-दीड तासावरच्या गावातून एका मावशीचं पत्र आलं आहे. बहिणीच्या मुलाला जन्मापासून एचआयव्ही आहे. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले, मावशीनंच त्याला वाढवलं. आपल्याला काय आहे हे त्याला तेराव्या वर्षापासून माहीत आहे. आता तो 19 वर्षांचा असून वर्षभरापासून नागपुरात मानेवाड्याकडे दोन मुलांसोबत खोली करून शिकतो. घरी असेपर्यंत रोज रात्री 9 वाजता मावशी समोर उभी राहून गोळी द्यायची. आता त्याच वेळेला तिचा मेसेज जातो: ‘गोळी घेतली का?’ सुरुवातीला ‘हो’ यायचं, मग नुसता अंगठा, आता काहीच येत नाही. गेल्या तपासणीत व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) 14,000च्या वर निघाला, आणि आता समुपदेशक त्याला दर महिन्याला बोलावतात. मावशी विचारते: मेसेज दिवसातून दोनदा पाठवू का? त्यानं गोळी घेतली की मला कळेल असं एखादं ॲप आहे का? आणि सोबतच्या मुलाला विश्वासात घेऊन लक्ष ठेवायला सांगू का?

उत्तर

ताई,

आधी तिन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं देतो. मेसेज दोनदा पाठवू नका. तुम्हाला वर्दी देणारं ॲप त्याच्या फोनमध्ये टाकायला लावू नका. आणि सोबतच्या मुलाला एक अक्षरही सांगू नका. विश्वासानं कळलेली ही माहिती ज्याची त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला द्यायची नाही, असं 2017चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो. कायद्याचं सोडा, त्या खोलीतून त्याला बिऱ्हाड हलवावं लागलं तर गोळ्या, कॉलेज आणि तुमच्यावरचा विश्वास, तिन्ही एका दिवसात हातचं जाईल.

आता 14,000चा आकडा. तो बघून तुमची झोप उडाली असणार, पण त्यानं घाबरून जाऊ नका. गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. रोज एकच गोळी म्हणता, म्हणजे बहुधा टीएलडी असावी: टेनोफोविर 300, लॅमिव्हुडिन 300 आणि डोल्युटेग्राविर 50 मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत. डबीवर ही तीन नावं आहेत का ते पाहून घ्या, कारण पुढचं बरंचसं या गोळीला धरून लिहिलं आहे. डोल्युटेग्राविरला विषाणू सहजासहजी दाद देईनासा होत नाही. त्यामुळे ही गोळी चालू असताना लोड वाढला, तर पहिला संशय औषध निकामी झाल्याचा नसतो, गोळ्या राहिल्याचा असतो. नीट घ्यायला लागलं की बहुतेकांचा लोड परत खाली येतो. म्हणूनच एआरटी केंद्रातले (जिथून एचआयव्हीची औषधं मिळतात तिथले) समुपदेशक त्याला दर महिन्याला बोलावत आहेत. साधारण तीन महिने गोळ्या व्यवस्थित गेल्या की लोड पुन्हा तपासतात, आणि तेव्हाही तो 1,000च्या वर राहिला तरच औषध बदलायचा विचार होतो. तुमच्या हातात हे तीन महिने आहेत, आणि ते पुरेसे आहेत.

पण ते वापरायचे कसे? पत्रभर तुम्ही धरून चालला आहात की तो विसरतो. आम्हाला तसं वाटत नाही. वर्षानुवर्षं रोज 9 वाजता गोळी घेणारा मुलगा 9 वाजता आलेला मेसेज वाचतो आणि तरीही विसरतो, हे पटत नाही. विसरणाऱ्याला आठवण दिली की काम होतं. ज्याला आठवतं पण घेता येत नाही, त्याला तीच आठवण टोचते. आधी ‘हो’, मग अंगठा, मग काहीच नाही, हा क्रम पाहा. खोटं बोलायचं नाही आणि खरं सांगता येत नाही, असं झालं की माणूस गप्प होतो.

9 वाजता त्या खोलीत काय चाललेलं असतं, ते डोळ्यांपुढे आणा. मेसवरून तिघंही नुकते परतलेले. एकाच कपाटाचे तीन कप्पे, कुलूप कशालाच नाही. 30 गोळ्यांची प्लास्टिकची डबी हातात घेतली की खुळखुळते, आणि तिच्यावर औषधांची नावं मोठ्या अक्षरात छापलेली. ती तीन नावं फोनवर शोधायला कोणालाही मिनिटभर पुरतं. अशा वेळी कोणी ‘काय घेतोस रे रोज?’ म्हणून सहज विचारलं, तरी मुलगा त्या रात्री डबीला हात लावत नाही. आणि नेमका त्याच घटकेला त्याचा फोन उजळतो: ‘गोळी घेतली का?’ पडद्यावर, सगळ्यांसमोर.

रात्री 9 ही वेळ तरी कुठून आली? जुन्या मिश्रणात एफाविरेन्झ असायचं. त्यानं गरगरायचं, विचित्र स्वप्नं पडायची, म्हणून ती गोळी झोपताना घ्यायला सांगत. टीएलडीला असं बंधन नाही. सकाळी घ्या, दुपारी घ्या, वेळ ठरलेली असली म्हणजे झालं. उलट डोल्युटेग्राविरनं काहींची झोप मोडते, त्यांना सकाळच सोयीची पडते. तुमच्या भाच्याला एकांत कधी मिळतो? आंघोळीला जाताना, बाकीचे दोघे उठायच्या आधी, की कॉलेजच्या वाटेवर? ती त्याची वेळ. एकदा केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्यायची. बदलताना दोन गोळ्यांमधलं अंतर वाढू द्यायचं नाही. रात्रीची सकाळवर आणायची तर रात्रीची घेऊन लगेच येणाऱ्या सकाळपासून सुरुवात करायची, एक रात्र सोडून नाही.

दुसरी गोष्ट जेवणाची. ‘जेवल्याशिवाय गोळी नको’ हे बहुतेक घरांत लहानपणापासून बिंबवलेलं असतं. नागपुरातल्या बऱ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात. मुलं त्या रात्री पोह्यांवर नाहीतर समोशावर भागवतात, ‘जेवलो कुठे’ म्हणून गोळी राहते, आणि महिन्यात चार रविवार येतात. टीएलडी उपाशीपोटीही चालते. उपवासालाही चालते. एवढं त्याला नीट माहीत आहे का, ते आधी पाहा. 30 दिवसांत एक गोळी चुकली तर हिशेब 97 टक्क्यांच्या आसपास राहतो, दोन चुकल्या की 93वर येतो. केंद्रात 95 टक्क्यांची रेघ धरतात. म्हणजे नुसत्या रविवारांनी हिशेब त्या रेघेखाली जातो.

तिसरी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. मेसच्या झणझणीत रश्श्यानं जळजळ झाली की मुलं डायजीन किंवा जेलुसिल घेतात. त्यातलं मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतं, औषध रक्तात पुरेसं उतरत नाही. म्हणून टीएलडी अशा औषधाच्या 2 तास आधी किंवा 6 तासांनंतर घ्यायची. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनाही हेच अंतर पाळायचं, फक्त त्या जेवणासोबत घेतल्या तर टीएलडीबरोबर चालतात. तुमचा भाचा कदाचित वाटतं त्याहून जास्त गोळ्या घेतही असेल आणि त्यातल्या काही वाया जात असतील. टीबीचं औषध सुरू झालं तर रिफाम्पिसिनमुळे डोल्युटेग्राविरची 50 मिलिग्रॅमची आणखी एक गोळी 12 तासांनी घ्यावी लागते. ते ठरवणं डॉक्टरांचं काम, पण दोन्हीकडच्या डॉक्टरांना दोन्ही औषधं माहीत असली पाहिजेत.

आता मेसेजविषयी. एचआयव्हीच्या औषधांसाठी मोबाइल मेसेजचा उपयोग होतो का, हे जगात अनेक ठिकाणी नीट तपासून पाहिलं गेलं आहे आणि निकाल एकसारखे नाहीत. केनियातल्या 538 रुग्णांच्या अभ्यासाचा निकाल 2010 साली प्रसिद्ध झाला. तिथे आठवड्यातून एकदा दवाखान्याकडून मेसेज जायचा आणि त्यात गोळीचं नावही नसायचं. ‘कसं काय?’ एवढंच. 48 तासांच्या आत ‘ठीक’ किंवा ‘अडचण आहे’ असं उत्तर द्यायचं. अडचण सांगणाऱ्याला आणि उत्तर न देणाऱ्यालाही नर्स फोन करायची. मेसेज मिळणाऱ्यांपैकी 57 टक्क्यांचा लोड दबला, म्हणजे अगदी कमी झाला, न मिळणाऱ्यांपैकी 48 टक्क्यांचा. केनियातल्याच आणखी एका अभ्यासात, 2011 साली, आठवड्याच्या मेसेजनं फरक पडला, रोजच्या मेसेजनं पडला नाही. आणि मेसेज लांबवून त्यात धीराचे शब्द घातल्यानंही जास्तीचं काही साधलं नाही.

आपल्याकडे दक्षिण भारतात 631 प्रौढांना दर आठवड्याला रेकॉर्ड केलेला फोन आणि चित्राचा मेसेज पाठवून पाहिला. 2014 साली त्याचा निकाल आला, फरक दिसला नाही. युगांडात 15 ते 22 वयाच्या मुलांवर आठवड्याच्या एसएमएसचा प्रयोग जवळपास वर्षभर चालला, 2017 साली कळलं की तिथेही उपयोग झाला नाही. उलट शिकागोत, ज्या तरुणांच्या गोळ्या आधीपासूनच राहत होत्या त्यांना त्यांनी स्वतः लिहिलेल्या शब्दांत, त्यांनी ठरवलेल्या वेळी, उत्तर मागणारा मेसेज रोज गेला, आणि गोळ्या घेण्यात सुधारणा झाली. ते 2016 साली प्रसिद्ध झालं.

या सगळ्यातून आम्ही एवढंच घेतो: यंत्रानं पाठवलेली हाक तरुण मुलं लवकर ऐकेनाशी होतात. शब्द त्यांचे असतील आणि ‘अडचण आहे’ म्हटल्यावर पलीकडे खरोखर कोणी उठून काही करणार असेल, तरच मेसेजला वजन येतं. झिम्बाब्वेत तर 18 ते 24 वयाची, स्वतः एचआयव्हीसह जगणारी मुलं प्रशिक्षण घेऊन लहानांच्या घरी जातात, फोन-मेसेज करतात, पालकांशी बोलतात. तिथला निकाल 2020 साली आला. लोड न दबणं किंवा मृत्यू, असं नेहमीच्या उपचारांत 36 टक्क्यांच्या बाबतीत घडलं, या आधारासह 25 टक्क्यांच्या. तिथे मेसेज होता, पण मेसेजमागे माणूस होता.

म्हणून आमचा सल्ला असा की दोन कामं वेगळी करा. रोजची आठवण हे घड्याळाचं काम. तुमचं काम ‘कसा आहेस’ विचारायचं, आणि तेही आठवड्यातून एकदाच.

घड्याळाचं काम त्याच्या फोनमधला साधा अलार्म उत्तम करतो, वेगळं ॲप लागत नाही. गोळ्यांच्या ॲपचं चिन्ह पडद्यावर दिसतं, आणि बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे अशी ॲप मागच्या मागे बंद पडतात, सूचना येतच नाही. घड्याळातला अलार्म फोन सायलेंटवर असला तरी सहसा वाजतो. त्याला नाव द्यायचं नाही, नाहीतर ‘कॉलेज’ असं काहीतरी. दोन चुका मात्र हमखास होतात. अलार्म सोमवार ते शनिवार लावलेला असतो, रविवार निवडायचा राहून जातो. आणि हात कामात असताना अलार्म बंद केला जातो, ‘घेतो नंतर’ म्हणून. नियम असा करावा की गोळी तोंडात गेल्याशिवाय अलार्म बंद करायचा नाही, तोपर्यंत फक्त पुढे ढकलायचा. वीस मिनिटांनी दुसरा अलार्म असू द्यावा. रात्री फोनची बॅटरी संपून सकाळी फोन बंद असला, तर दोन्ही अलार्म गेले. म्हणून गोळी दात घासण्यासारख्या रोजच्या एखाद्या कामाला बांधून टाकलेली बरी, अलार्म जोडीला.

तुमचा आठवड्याचा मेसेज मात्र त्याला विचारून ठरवा. वार त्यानं सांगायचा, वेळ त्यानं सांगायची, शब्दही त्याचे. ‘कसा आहेस रे?’ एवढा मेसेज पुरतो. उत्तराचे दोन शब्द ठरवून ठेवा. ‘मजेत’ म्हणजे सगळं ठीक, ‘कॉल कर’ म्हणजे काहीतरी अडलंय. तिसरी गोष्ट आधीच ठरलेली असू द्या: दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर तुम्ही एकदा फोन कराल, आणि त्या फोनवर गोळीचा ‘ग’ही काढणार नाही, आधी त्याचं ऐकाल. हे शेवटचं पाळणं तुम्हाला सगळ्यात जड जाईल. पण त्यानं एकदा ‘तीन दिवस राहिल्या’ असं खरं सांगितलं आणि तुम्ही रागावलात, तर पुढचं खरं तुम्हाला कधीच कळणार नाही. त्या क्षणी म्हणायचं ते इतकंच: बरं झालं सांगितलंस, आजची घे, आणि कुठे अडलं ते बघू.

कोणत्याही मेसेजमध्ये गोळी, औषध, एआरटी, लोड, रिपोर्ट यांतला एकही शब्द नको. मुलं एकमेकांचे फोन गेम खेळायला, पैसे पाठवायला, हॉटस्पॉट लावायला सर्रास घेतात. व्हॉट्सॲपपेक्षा आम्ही साधा एसएमएस सुचवू. त्याला इंटरनेट लागत नाही, आणि निळ्या खुणा नसल्यामुळे ‘वाचलंस तरी उत्तर का नाही’ हा तगादाही लागत नाही. शिवाय चुकून नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज पडायची भीती टळते. ही चूक घडते, आणि मागे घेईपर्यंत चार जणांनी वाचलेलं असतं. देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70च अक्षरं मावतात, रोमनमध्ये 160. लांब मेसेज तुकड्यांत जातो आणि काही साध्या फोनवर अर्धवट दिसतो. तेव्हा थोडक्यात लिहा. त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये कुलूप असताना मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सोय असते, ती त्यानं चालू करावी. केंद्रातल्या समुपदेशकांचा नंबर दुसऱ्या साध्या नावानं सेव्ह करावा आणि कॉल आल्यावर नाव दाखवणाऱ्या ॲपना संपर्कयादीची परवानगी देऊ नये, कारण त्यांच्या यादीत आपण दिलेलं नाव दुसऱ्यांनाही दिसू शकतं. त्यानं सिम बदललं तर केंद्रात नवा नंबर त्याच दिवशी कळवायला हवा. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच माणसाला मिळतो, आणि आपले मेसेज त्याच्याकडे जायला लागतात.

डबीचं काय करायचं? पूर्ण डबी खोलीत ठेवायची गरज नाही. आठवड्याच्या सात गोळ्या घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत काढून घ्याव्यात, तळाशी थोडा कापूस घातला की आवाज येत नाही. मूळ डबी कुलपाच्या पेटीत, झाकण घट्ट, आत ओल शोषणारी पुडी असते ती फेकायची नाही. एक गोळी दप्तरात जादा ठेवावी, मित्राकडे रात्री राहायची वेळ आली तर उपयोगी पडते, आणि दर आठवड्याला ती बदलत जावी. पण दप्तरात म्हणजे गाडीच्या डिक्कीत नव्हे. ही औषधं 30 अंशांच्या आत ठेवायची असतात आणि नागपुरात मे महिन्यात बाहेर 45 अंश असतं. उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत त्याहून किती तरी जास्त. टिनाच्या छताखालचा माळा आणि पश्चिमेची खिडकीही टाळावी. कूलरच्या तोंडासमोरची जागा थंड वाटते, पण तिथे ओल फार, तीही नको. खोलीतली सगळ्यात खालची, आतली, कोरडी जागा चांगली.

गोळी राहिलीच तर काय करायचं हे त्याला तोंडपाठ हवं, कारण बरीच मुलं ‘वेळ गेली, आता उद्याच’ म्हणून दिवस सोडून देतात. आठवलं की लगेच घ्यायची, मग पाच तास उशीर झालेला असो की बारा. पुढच्या गोळीला 4 तासांहून कमी उरले असतील तरच राहिलेली सोडायची आणि पुढची वेळेवर घ्यायची. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

त्याच्याशी बोलायला तुम्ही स्वतः नागपूरला या. मेसेजवर हे बोलणं होणार नाही, आणि खोलीवर तर नाहीच. अंबाझरी तलावाच्या काठावर बसा, कुठेही बसा, दोघंच. ‘का घेत नाहीस’ असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी ‘घेतो ना’ असंच येतं. ‘कोणत्या दिवशी घेणं अवघड जातं?’ असं विचारा. दिवस कळला की कारण आपोआप पुढे येतं: रविवार, परीक्षेची रात्र, गावी जायचा दिवस, सोबत्यांचा वाढदिवस. कधी उत्तर वेगळंही निघेल. जन्मापासून गोळ्या घेणाऱ्या मुलांना एका टप्प्यावर त्यांचा उबग येतो. मी काय पाप केलं, मला तर काही होत नाही, मग कशाला, असं वाटतं. मन उदास असेल, झोप-भूक गेली असेल, दारू सुरू झाली असेल, तर अलार्म आणि मेसेज दोन्ही कुचकामी आहेत, आधी त्यावर समुपदेशकांशी बोलायला हवं. आणि मनात कोणी मुलगी असेल, तर त्याला सांगायची सगळ्यात मोलाची गोष्ट ही: नियमित औषधानं विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. लग्न, मुलंबाळं, सगळं शक्य आहे. आजारी पडशील ही भीती त्यानं जन्मभर ऐकली आहे. हे कदाचित कोणी सांगितलंच नसेल.

केंद्राचीही एक अडचण असू शकते. त्याची नोंदणी अजून गावाकडच्या केंद्रात असेल, तर दर खेपेला एक दिवस आणि एक हजेरी बुडते. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत एआरटी केंद्र आहे. जुन्या केंद्रातून बदलीचं पत्र घेऊन नोंदणी हलवता येते, उपचार तसेच मोफत चालू राहतात. लोड दबून तब्येत स्थिर झाली की काही महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळण्याची सोयही असते, तेव्हा खेपा कमी होतील. गोळ्यांच्या तारखेच्या आदल्या दिवशीची आठवण त्याच्या अलार्ममध्ये टाकून ठेवा. आणि केंद्रात जाऊन त्याचा रिपोर्ट परस्पर मागू नका. ते देणार नाहीत, देऊही नये. तो स्वतः तुम्हाला घेऊन गेला तर तिघांनी मिळून बसता येईल.

ज्यांची मुलं 14-15 वर्षांची आहेत आणि घरीच आहेत, त्या पालकांनी हे आत्तापासून करावं: गोळी हातात देणं थांबवून अलार्म मुलाकडे द्यायचा, डबी त्याच्याकडे द्यायची, आणि आठवड्याअखेर उरलेल्या गोळ्या दोघांनी मिळून मोजायच्या. बाहेर शिकायला गेल्यावर हे सगळं एका दिवसात अंगावर पडू नये. वसतिगृहात किंवा संस्थेत मुलांसाठी एकगठ्ठा मेसेज पाठवायचा विचार करणाऱ्यांनी पाठवणाऱ्याच्या नावात आजाराचा किंवा केंद्राचा उल्लेख येणार नाही हे आधी पाहावं. प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, नको म्हणायची सोय ठेवावी, आणि आलेलं उत्तर वाचायला माणूस नसेल तर मेसेज सुरूच करू नयेत. स्वतः गोळ्या घेणाऱ्या आणि घरी कोणीच नसलेल्या तरुणांना 1097 हा मोफत क्रमांक आहे, तिथे नाव न सांगता बोलता येतं.

तीन महिन्यांत त्याचा ‘मजेत’ नियमित येऊ लागला आणि लोड उतरला, तर आठवड्याचा मेसेज पंधरवड्यावर न्यायचा का ते त्यालाच विचारा. मध्येच खोकला सुरू झाला, मग तो कितीही दिवसांचा असो, ताप हटत नसेल, वजन उतरत असेल, रात्री घाम येत असेल किंवा तोंडात पांढरे चट्टे दिसले, तर महिन्याच्या तारखेची वाट पाहायची नाही. दुसऱ्याच दिवशी केंद्रात जायचं, आणि जाताना त्याला हवं असेल तर तुम्ही सोबत असा.